अंत्यविधीचे पैसे आधीच भरावेत का? पुण्यातल्या घरांसाठी ठरवण्याची रीत

अलीकडे मुंबई-पुण्यात अंत्यविधीचं आगाऊ पॅकेज विकणाऱ्या खासगी संस्था दिसू लागल्या आहेत. आज एकरकमी किंवा हप्त्यांनी पैसे भरायचे, आणि वेळ येईल तेव्हा शववाहिका, तिरडीचं सामान, गुरुजी, पास, दाखले सगळं त्यांनी बघायचं. बहुतेक घरांसाठी आमचा सल्ला सरळ आहे: कंपनीला पैसे देऊ नका. तेवढीच रक्कम दोघांच्या नावावरच्या खात्यात ठेवा आणि एका कागदावर सगळं लिहून ठेवा. पण काही घरं अशी असतात की त्यांना ही सेवा खरोखर लागते. आपण कुठल्या गटात मोडतो हे ठरवता यावं म्हणून पुढचं सगळं.

आधी खर्च कुठे होतो ते बघा

पुण्यात अंत्यसंस्काराचा कणा महापालिकेचा आहे. नवी पेठेतलं वैकुंठ, संगमाजवळचं कैलास, शिवाय कोथरूड, धनकवडी, येरवडा अशा उपनगरांतल्या स्मशानभूमी पालिकेच्या. मोठ्या ठिकाणी विद्युत किंवा गॅस दाहिनीची सोय असते. खासगी कंपनीचं पॅकेज घेतलं तरी शेवटी याच ठिकाणी जायचं असतं, आणि पालिकेचा भाग एकूण बिलात सर्वांत लहान असतो.

पहिल्या दिवसाचा बाकी खर्च असा: शववाहिका, गरज पडली तर फ्रीझर बॉक्स, अंत्यविधीचं सामान, गुरुजींची दक्षिणा, फुलं. सामान म्हणजे दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गोवऱ्या, कापूर, तूप, तुळस, हार, गुलाल, पिंडांसाठी पीठ, तीळ, दर्भ. हे सगळं एकाच दुकानात बांधून मिळतं आणि दुकानदाराला जात-धर्म-पद्धत सांगितली की तो आपणहून कमीजास्त करतो. लाकडावर दहन करायचं असेल तर साधारण 300 ते 500 किलो लाकूड लागतं आणि अस्थी गोळा करायला दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी जावं लागतं. विद्युत दाहिनीत दीड तासाच्या आसपास काम होतं, अस्थी त्याच दिवशी मिळू शकतात.

मोठा आकडा पुढे येतो. दहाव्याचा दशक्रिया विधी, अकरावा-बाराव्याचं दान, तेराव्याचं जेवण, बाहेरगावच्या पाहुण्यांची सोय, वर्तमानपत्रातलं निधनवृत्त. बऱ्याच घरांत हा भाग पहिल्या दिवसाच्या कितीतरी पट होतो, आणि पॅकेजमध्ये नेमका तोच नसतो किंवा अर्धवट असतो. माहितीपत्रक हातात आलं की सर्वांत आधी विचारा: ‘यात कितव्या दिवसापर्यंतचं काय आहे?’ उत्तर ‘दहनापर्यंत’ असं आलं तर तुम्ही मोठ्या रकमेच्या छोट्या भागाचा आगाऊ भरणा करताय, हे लक्षात ठेवून किंमत जोखा.

तुलनेसाठी स्वतः तीन दर काढा. आपल्या भागातल्या सामानाच्या दुकानाचा, एका खासगी शववाहिकेचा आणि घरच्या गुरुजींचा. पालिकेची शववाहिका मिळते का, याचीही चौकशी करून ठेवा. फोनवर विचारायला संकोच वाटतो, पण ही मंडळी रोज हेच काम करतात आणि नीट सांगतात. या तिन्हींची बेरीज पॅकेजशेजारी मांडली की कंपनी व्यवस्थापनासाठी किती घेते ते उघडं पडतं. व्यवस्थापनाचे पैसे घेणं गैर नाही, ते किती हे तुम्हाला कळलं पाहिजे एवढंच.

‘आजचाच भाव कायम’ या वाक्याचा हिशोब

विक्रीतलं सर्वांत मोठं आकर्षण हेच. समजा पॅकेज 50,000 रुपयांचं आहे आणि वेळ 15 वर्षांनी येते. खर्च दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढला तर तेच काम तेव्हा सुमारे 1,20,000 रुपयांना पडेल. आता तेच 50,000 बँकेत 6.5 टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले तर 15 वर्षांनी सुमारे 1,28,600 होतात. व्याजावर 20 टक्के कर जात असेल तर हातात सुमारे 1,07,000 येतात, म्हणजे तेरा हजारांच्या आसपास कमी पडतात. ज्या ज्येष्ठांना कर लागत नाही त्यांना कमी पडतच नाही.

म्हणजे कायम भावाचा खरा फायदा तेरा हजारांचा, तोही कंपनी 15 वर्षं टिकली तर. त्यासाठी 50,000 रुपये एका खासगी कंपनीच्या भरवशावर 15 वर्षं सोडायचे. आम्हाला हा सौदा महाग वाटतो. पाच-सात वर्षांत गरज पडली तर फायदा आणखी कमी, कारण वाढीला वेळच मिळत नाही.

हे पैसे कायद्याने कुठे बसतात

आगाऊ पॅकेज म्हणजे विमा नव्हे. विमा नियामकाची त्यावर देखरेख नसते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, तसं इथे काहीच नाही. कंपनी बुडाली तर तुम्ही विनातारण घेणेकऱ्यांच्या रांगेत, बँका आणि कामगारांच्या मागे.

आणखी एक मुद्दा जरूर विचारावा. कंपन्यांनी ठेवी स्वीकारण्याबाबतचे 2014 चे नियम आहेत. सेवेसाठी घेतलेली आगाऊ रक्कम ठेव धरली जात नाही, पण सर्वसाधारण अट अशी की ती रक्कम घेतल्यापासून 365 दिवसांत त्या सेवेपोटी वळती व्हायला हवी. अंत्यविधीची सेवा कधी लागेल हे कोण सांगणार? म्हणून कंपनीला लेखी विचारा की तुमचे पैसे त्यांच्या वहीत कशा नावाने आणि कुणाच्या ताब्यात राहतात. वेगळ्या विश्वस्त खात्यात, तुमच्याच नावच्या मुदत ठेवीत, की कंपनीच्या चालू खात्यात? तिसरं उत्तर आलं तर उठून या. उत्तर टाळलं गेलं तरीही उठून या.

बिलावर जीएसटी लावलेला दिसला तर तोही विचारा. अंत्यसंस्कार, दफन, स्मशानभूमी, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांवर कर नाही. जेवण, हॉल, छपाई यांवर लागू शकतो. सगळ्या पॅकेजवर सरसकट 18 टक्के लावले असतील तर बिलाची फोड मागा.

कुणी विचार करावा

ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि जवळ राहणारं नात्यातलं कुणीच नाही. अशी घरं पुण्यात भरपूर: औंध, कोथरूड, बाणेरच्या सोसायट्यांत ऐंशीच्या घरातलं जोडपं, मुलगा अमेरिकेत, मुलगी सिंगापूरला. किंवा एकट्या राहणाऱ्या व्यक्ती, ज्यांचा भरवसा शेजाऱ्यांवर आहे आणि शेजारीही सत्तरीचे. इथे प्रश्न पैशांचा कमी आणि माणसांचा जास्त असतो. रात्री दोन वाजता डॉक्टरांना बोलावणारा, पासासाठी धावणारा, तिरडी बांधणारा, चार खांदे जमवणारा कुणीतरी हवा. त्यासाठी पैसे मोजणं शहाणपणाचं आहे.

तरीही शक्यतो पूर्ण रक्कम आगाऊ नको. नाव नोंदवून ठेवायचं आणि बिल सेवा झाल्यावर द्यायचं, अशी सोय आधी मागा. थोडं नोंदणी शुल्क घेऊन तयार होणारे सापडतात. बाकी रक्कम तुमच्या विश्वासू माणसाच्या हाती पोचेल अशी ठेवा. ते कसं, ते पुढे येतंय.

ख्रिस्ती कुटुंबांत चित्र वेगळं आहे. कबरीची जागा, कुटुंबाची जुनी कबर पुन्हा उघडण्याची परवानगी, शवपेटी यांचा विचार आधी करणं तिथे व्यवहार्य असतं आणि तो चर्चच्या कार्यालयातूनच करावा, बाहेरच्या मध्यस्थामार्फत नको. मुस्लिम समाजात दफन लवकरात लवकर करायचं असतं आणि जमात त्याची जबाबदारी उचलते. लिंगायत कुटुंबांनी दफनाच्या जागेची चौकशी समाजाच्या संस्थेकडे आधीच करून ठेवावी, कारण ‘हिंदू पॅकेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या योजनेत दहनच धरलेलं असतं.

करार हातात आला तर काय वाचायचं

पहिल्यांदा हद्द. ‘पुणे’ म्हणजे पुणे महापालिका, की पिंपरी-चिंचवडही? मृत्यू वाकडच्या रुग्णालयात झाला तर? मुलीकडे नाशिकला असताना झाला तर? हद्दीबाहेर पैसे परत मिळतात का, की किलोमीटरमागे जादा भरायचे, हे आकड्यासकट लिहून घ्या.

दुसरं, जादा आकार. रात्रीचा, लिफ्ट नसलेल्या मजल्यांचा, थांबण्याचा, फ्रीझर बॉक्सच्या दुसऱ्या दिवसाचा. मुलगा अमेरिकेहून यायचा तर तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत दीड-दोन दिवस सहज जातात. पॅकेजमध्ये बॉक्स 12 तासांचाच असेल तर हा खर्च तुमच्या अंगावर येतो. बॉक्सबद्दल आणखी दोन गोष्टी: त्याला अखंड वीज लागते आणि घरचा साधा इन्व्हर्टर बहुधा तो पेलत नाही. शिवाय जुन्या इमारतींच्या छोट्या लिफ्टमध्ये तो मावत नाही, स्ट्रेचरही मावत नाही. पेठांतल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत जिना किती अरुंद आहे, वळणावर लांब वस्तू फिरते का, हे आधी बघून ठेवलेलं बरं. अशा घरासाठी रुग्णालयाचं शवागारच सोपं पडतं.

तिसरं, परतावा. मन बदललं, शहर सोडलं, देहदान ठरवलं, तर किती टक्के आणि किती दिवसांत परत? ‘परतावा नाही, पण दुसऱ्याच्या नावे करता येईल’ असं कलम असेल तर ते हस्तांतर फुकट आहे का ते बघा.

चौथं, आणि हे सर्वांत जास्त विसरलं जातं: फोन कोण करणार? ज्याच्या नावाने पॅकेज आहे तो तर गेलेला असतो. वारसांना योजनेचा पत्ताच नसेल तर ते शेजारच्या दुकानातून सामान आणून मोकळे होतात आणि भरलेले पैसे तसेच पडून राहतात. करारावर दुसऱ्या एका व्यक्तीचं नाव, तिची सही आणि तिच्याकडे एक प्रत, हे नसेल तर करार अर्धाच आहे.

वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही, आणि तक्रारदार राहतो तिथेही तक्रार दाखल होते. कायदेशीर वारसही करू शकतात. पावत्या मात्र हव्यात, म्हणून रोखीने एक रुपयाही देऊ नका.

पैसे भरूनही अडतं ते इथे

घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा दाखला लागतो, मृत्यूच्या कारणाचा, नमुना 4अ. रुग्णालयात झाला तर नमुना 4 रुग्णालयच देतं. त्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर पालिकेचा पास मिळतो, आणि पासाशिवाय स्मशानभूमीत काही होत नाही. घरी मृत्यू झालेल्यांच्या बाबतीत नेहमी अडतं ते या पहिल्याच पायरीवर. ज्या डॉक्टरांनी पेशंटला अलीकडे तपासलेलंच नाही ते दाखला द्यायला कचरतात, आणि त्यांचं बरोबर असतं. म्हणून घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर फॅमिली डॉक्टरांना ठरावीक दिवसांनी घरी बोलवा, तपासणीची नोंद कागदावर ठेवा, आणि स्पष्ट विचारा: ‘डॉक्टर, घरीच गेले तर तुम्ही याल ना? रात्रीही?’ हा प्रश्न कुठल्याही पॅकेजपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पडून मृत्यू झाला तर गोष्ट आणखी बदलते. आजी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने गेल्या. कागदोपत्री याची सुरुवात अपघातातून आहे, म्हणून प्रकरण पोलिसांकडे जाऊ शकतं. मग पंचनामा आणि शवविच्छेदन, पुण्यात बहुधा ससूनला. कंपनीने ‘दोन तासांत सगळं’ म्हटलेलं असलं तरी इथे कुणाचंच चालत नाही. नातेवाइकांना हे आधी माहीत असलं तर निदान कुणावर आरडाओरडा होत नाही.

नावाची चूक ही तिसरी अडचण, आणि तिचा त्रास सर्वांत लांब चालतो. दाखल्यावर आणि पासाच्या अर्जात जे नाव लिहिलं जातं तेच मृत्यूच्या नोंदीत उतरतं. घाईत कुणीतरी ‘सुमनताई’ लिहितं आणि आधारवर असतं ‘सुमन’. मग बँक, पेन्शन, फ्लॅटचं हस्तांतर सगळीकडे तेच आडवं येतं. दुरुस्ती होते, पण पुरावे घेऊन निबंधकाकडे खेटे घालावे लागतात. अर्ज भरताना आधार कार्ड समोर ठेवा आणि अक्षरन् अक्षर जुळवा, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा.

नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, आणि मृत्यू जिथे झाला तिथेच होते. चिंचवडच्या रुग्णालयात मृत्यू आणि वैकुंठात दहन असेल तर मृत्यूचा दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. पुण्याच्या क्षेत्रीय कार्यालयात हेलपाटे घालणारे पुष्कळ लोक याच गोंधळातले असतात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा.

पेसमेकर बसवलेला असेल तर दहनाआधी काढावाच लागतो. उष्णतेने त्याची बॅटरी फुटते आणि दाहिनीचं नुकसान होतं, शेजारी उभ्या माणसाला इजा होऊ शकते. रुग्णालयातून बाहेर पडण्याआधीच डॉक्टरांना सांगा. घरी मृत्यू झाला असेल तर दाखला देणाऱ्या डॉक्टरांना.

कंपनीऐवजी बँकेत ठेवायचे तर

नॉमिनी नेमला म्हणजे काम झालं असं समजू नका. नॉमिनीला पैसे मृत्यूचा दाखला दिल्यावर मिळतात आणि तोवर तेरावाही होऊन जातो. वडिलांच्या एटीएम कार्डाने त्यांच्या पश्चात पैसे काढणं बेकायदेशीर आहे, घरातल्यांनीही करू नये.

चालेल ते असं. आई किंवा वडील आणि जवळ राहणारं एक मूल, किंवा एकट्या व्यक्तीसोबत भाचा-पुतणी, असं संयुक्त बचत खातं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणीही आणि एक गेल्यावर मागे राहिलेला ते चालवू शकतो. त्यात पहिल्या दोन दिवसांचा खर्च. उरलेल्याची त्याच नावांवर मुदत ठेव. इथे एक बारीक गोष्ट आहे. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असूनही, एक खातेदार गेल्यावर मुदतीआधी ठेव मोडायची तर बँक सगळ्या वारसांच्या सह्या मागू शकते. त्यासाठी ठेव करतानाच, किंवा नंतर दोघांनी मिळून, ‘हयात खातेदाराला मुदतपूर्व काढता येईल’ असा वेगळा अधिकार लिहून द्यावा लागतो. फॉर्मवर तशी चौकट असते, ती बहुधा रिकामीच राहते. शाखेत जाऊन आपली बघून या.

ज्याचं नाव खात्यात घालताय त्याला ते पैसे आजच काढता येतात, हे समजून माणूस निवडा. इतर भावंडांनाही सांगा, म्हणजे मागाहून संशय नको.

एक कागद

मृत्युपत्रात अंत्यविधीची इच्छा लिहिण्याचा फारसा उपयोग नाही. मृत्युपत्र बहुधा तेरावा झाल्यावर उघडलं जातं. ही इच्छा वेगळ्या कागदावर लिहा, सही करा, तारीख घाला, आणि कपाटात कुलपाआड न ठेवता घरात सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. एक फोटो मुलांच्या फोनमध्ये.

त्यावर हवं ते एवढं: आधारवरचं पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, जन्मतारीख, रक्तदाब-मधुमेहासारखे आजार आणि पेसमेकर. फॅमिली डॉक्टर, शववाहिका, सामानाचं दुकान आणि गुरुजी यांचे नंबर. दाहिनी की लाकूड. दहावा-तेरावा करायचा का, किती माणसांत, की त्या पैशांची देणगी कुणाला. कुणाची वाट बघायची आणि किती तास. निर्णय कुणाचा अंतिम, त्या एकाच माणसाचं नाव. हे शेवटचं लिहिलं नाही तर त्या सकाळी चार काका चार गोष्टी सांगतात आणि मुलगी गप्प बसते.

नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत व्हावं लागतं, म्हणून नेत्रपेढीचा नंबर सगळ्यात वर. देहदानासाठी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, एएफएमसी, भारती विद्यापीठ यांच्या शरीररचनाशास्त्र विभागांकडे आधी फॉर्म भरता येतो, पैसे लागत नाहीत. पण शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य आजार असलेला देह ते नाकारू शकतात, आणि वारस तयार नसतील तर फॉर्म तसाच राहतो. त्यामुळे देहदान ठरवलेल्यांनीही दहनाची दुसरी सोय कागदावर लिहावी.

विषय काढायला जड जातं. ‘आई, तुझ्या मनात काय आहे ते मला नीट कळायला हवं, नाहीतर आम्ही आपापसात भांडत बसू’ एवढं म्हटलं तरी पुष्कळदा आईच पुढचं सगळं सांगते, कारण तिने ते केव्हाच ठरवलेलं असतं. तेव्हाच कागद पुढे करा आणि तिच्या शब्दांत उतरवून घ्या. दरवर्षी एकदा नंबर लावून बघा: डॉक्टर निवृत्त होतात, दुकानं हलतात, आणि ठेवीचं नूतनीकरण करताना मुदतपूर्वच्या चौकटीवरची खूण पुन्हा तपासावी लागते.